चौथीच्या वर्गाचे भविष्य

वेल्ह्याच्या वरच्या अंगाला एका वाडीत नऊ मुलांची आणि एका शिक्षकाची शाळा होती. शिक्षक जगन गुरुजी. चौथीतल्या राजनंदिनीला अजून धड मराठी वाचता येत नव्हते. दिवाळीच्या आत तिला वाचायला शिकवीन, असा शब्द गुरुजींनी तिच्या आजोबांना, गेनबांना, दिला होता. माणूस शब्दाचा पक्का होता. अडचण एवढीच झाली, की जूनमध्ये आदेश आला.

'चौथीच्या प्रत्येक विद्यार्थ्यास इंग्रजीतील फ्युचर कंटिन्युअस व फ्युचर परफेक्ट कंटिन्युअस हे काळ वापरता आले पाहिजेत. सबब, शिक्षकांनी भोर येथे प्रशिक्षणास हजर राहावे.'

गुरुजींनी शाळेला कुलूप लावले आणि एसटी धरली. पाच दिवस ते चाळीस जणांच्या सुरात सूर मिसळून 'आय विल बी टीचिंग' म्हणत राहिले. सहाव्या दिवशी परीक्षा झाली, तीत नापास झाले. नापासांसाठी दुसरी फेरी होती. तीत ते पहिले आले. पहिल्या आलेल्याने पुढच्या सगळ्या फेऱ्यांत इतरांना शिकवायचे, असा नियम होता.

दिवाळी तोंडावर आली. येत्या मार्चमध्ये मला चौथीच्या वर्गाला शिकवत दहा महिने झालेले असतील, असे निर्दोष इंग्रजी वाक्य गुरुजी फळ्यावर लिहीत होते. तेवढ्यात दारात गेनबा उभे राहिले, नातीचा हात धरून.

"गेनबा, तुम्ही इथं?"

"शाळेला चार म्हयनं कुलूप हाय. मास्तर हितं, म्हंजी शाळाबी हितंच असंल. कापूरहोळला गाडी बदलून आलो बगा. बसवा पोरीला."

गुरुजींना मेल्याहून मेल्यासारखे झाले. प्रशिक्षण अधिकारी मानसिंगराव मात्र हरखले. प्रशिक्षणात प्रत्यक्ष विद्यार्थी येण्याची ही पहिलीच वेळ होती. त्यांनी राजनंदिनीला पुढच्या खुर्चीत बसवले, फळ्यावरचे वाक्य तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतले, फोटो काढले आणि संध्याकाळी तिला प्रमाणपत्र दिले.

एसटी स्टँडवर तिने ते गुरुजींपुढे धरले. "ह्यात काय लिवलंय?"

"हे दोन्ही काळ तुला अस्खलित वापरता येतात, असं."

"मला? कवापासनं?"

गुरुजी समोरच्या एसटीची पाटी वाचू लागले.

"आता ह्याचं करायचं काय, गुरुजी?" गेनबांनी विचारले.

"फ्रेम करून भिंतीला लावा. सगळे तेच करतात."

हे मात्र गुरुजी खरे बोलले. तुमच्याही भिंतीवर एखादे असेलच. तुम्हाला काय काय येते म्हणून त्यावर लिहिले आहे, ते एकदा खाली उतरवून वाचा. घरात कोणी नसताना वाचलेले बरे.