गुलाबभाऊंचं रडणारं चाक

गुलाबभाऊंची पिकअप दिसायच्या आधी रडायची. वरूडमध्ये संत्र्याच्या गाड्या पुष्कळ. पण यांची गाडी मंडीकडून वळली, की पुढच्या डाव्या चाकातून असा काही हूऽऽ सूर निघायचा, की गल्लीतली कुत्री खाटेखाली शिरायची. पोरं म्हणायची, भूत आलं. गुलाबभाऊ उतरून त्यांना एकेक संत्रं द्यायचे आणि बजावायचे, भुताच्या बागेतलं आहे, बिया गिळू नका.

माझं गॅरेज त्यांच्या घरासमोर. म्हणजे माझी अब्रू रोज संध्याकाळी माझ्याच दारात बोंबलायची. गिऱ्हाइकं विचारायची, ही गाडी तुमच्याकडेच असते का? माझं डोकं फिरायचं. बेअरिंग गेलंय, आता चाकाचा मधला हबही खाऊन टाकेल, असं मी कितीदा सांगितलं. त्यांचं उत्तर एकच.

"राहू दे. ऐकून राहिली ते."

ती म्हणजे त्यांची बायको, सिंधूवैनी. सूर कानावर आला, की त्या स्वयंपाकघरातला दिवा लावून तवा तापत ठेवायच्या. हातपाय धुऊन गुलाबभाऊ पाटावर बसेपर्यंत पहिली भाकर ताटात पडायची. तोवर ठीक होतं. पण मागच्या उन्हाळ्यात वैनी वारल्या आणि गुलाबभाऊंचं उत्तर काही बदललं नाही.

खोटं कशाला बोलू, दिवाही लागायचा. घराला कुलूप, आत चिटपाखरू नाही, आणि वळणावर सूर उमटला की ती खिडकी पिवळी व्हायची. वायरिंगमध्ये गडबड असेल म्हणून मी स्वतः जाऊन सगळी बटणं उघडून पाहिली. काही सापडलं नाही. तेव्हापासून संध्याकाळी मी तिकडे पाठ करून काम करू लागलो.

एक दिवस त्यांना माल घेऊन नांदगाव खंडेश्वरला जायचं होतं. मी बळेच जॅक लावून चाक हलवलं, तर ते पडायला आलेल्या दातासारखं हललं. वाटेत निखळलं असतं तर माणूसच गेला असता. मी गाडीची किल्ली खिशात टाकली आणि भांडलो. म्हटलं, वैनी असत्या तर त्यांनीच तुम्हाला लाटण्यानं हाणलं असतं. हे मात्र त्यांना पटलं.

नवं हब बसवलं, नवं बेअरिंग घातलं, गिरीस भरलं, नट आवळला. चाक हातानं फिरवलं, आवाज म्हणून नाही. माझी छाती फुगली. गुलाबभाऊ त्या चाकाकडे बघत राहिले.

"मुकी केली न बाप्पा," म्हणाले.

ते परतले त्या संध्याकाळी पिकअप चोरपावलांनी आली. खिडकी अंधारीच. गुलाबभाऊ कुलूप काढून दारात उभे, पण आत जाईनात. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. बऱ्याच वेळानं ते रस्ता ओलांडून माझ्याकडे आले.

"जुनं बेअरिंग देतं काय? मी आलो म्हणून तिले कसं कळन?"

मी भंगारातून ते शोधून दिलं.

आता ते रोज उंबऱ्याशी उभे राहून जुनं बेअरिंग बोटांवर फिरवतात. घर्रर्र आवाज होतो. पोरं हसतात. मी हसत नाही, आणि पाठही फिरवत नाही. बेअरिंग थांबतं, खिडकी पिवळी होते, आणि चपला काढता काढता गुलाबभाऊ आत बघून म्हणतात, "आलो व."