अडीच तासांच्या भुकेचा लॅपटॉप

फ्रीज घरी यावा म्हणून कुमुदिनीबाई वाणी सोळा सोमवारांचा नवस बोलल्या होत्या, आणि तो फेडायची वेळ आली तेव्हा निम्मे सोमवार फ्रीजने स्वतःच्या अंगावर घेतले. आठ त्यांनी केले, आठ त्याने. सोमवारी तो दूध, फळं आणि भिजवलेला साबुदाणा एवढंच आत घ्यायचा. कालची भाजी ठेवली तर दार लागूच द्यायचा नाही.

तेव्हापासून अमळनेरच्या त्या घरात आलेली प्रत्येक वस्तू काही ना काही नेम धरते. चातुर्मासात मिक्सर कांदा-लसूण वाटत नाही. टीव्हीचं गुरुवारी मौन असतं, चित्र तेवढं दाखवतो. धुण्याचं मशीन शुक्रवारी आंबट डागांचे कपडे घेत नाही. पंख्याला मात्र नेम नको होता आणि कुणी त्याला आग्रह केला नाही. ज्याची त्याची श्रद्धा.

त्यामुळे लेक तेजलला नाशिकला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला आणि लॅपटॉप घ्यायचं ठरलं, तेव्हा कुमुदिनीबाईंनी एकच अट घातली. "कोणता का असेना, पण नेमाचा हवा."

अटीमागे कारण होतं. तेजल चित्र काढायला बसली की तिला तहानभुकेचं भान राहत नसे. प्रवेश परीक्षेच्या दिवसांत सकाळी बसली ती संध्याकाळी देवापाशी दिवा लावायला उठली, आणि तिथेच चक्कर येऊन पडली. घरी निदान हाक मारायला आई होती. नाशिकच्या हॉस्टेलात कोण मारणार? हा घोर त्यांनी कुणाला बोलून दाखवला नव्हता. पण त्या महिन्यात गाईला घास देताना त्यांचा हात जरा जास्त वेळ तिच्या कपाळावर राहायचा.

चातुर्मास लागायला चार दिवस होते तेव्हा मायलेकी आणि तेजलचे वडील देविदासराव बाजारात बडगुजरांच्या दुकानात गेले. बडगुजरांना घराची रीत ठाऊक होती. त्यांनी काउंटर पुसून दोन लॅपटॉप उघडून ठेवले. एक चंदेरी आणि पापडासारखा पातळ. दुसरा काळा, जाड, वाटणाच्या पाट्यासारखा. तेजलला तो काळा हवा होता.

"विचारा वहिनी," बडगुजर म्हणाले आणि बाजूला झाले.

कुमुदिनीबाईंनी पदर सावरला. "बाळा, तू कोणता नेम धरशील?"

"काकू, मी सगळ्या एकादश्या निर्जळी करीन," पातळ लॅपटॉप नम्रपणे म्हणाला. "सकाळी एकदा चार्जिंग झालं की अठरा तास मला कशाची आठवण होत नाही."

कुमुदिनीबाईंचे डोळे पाणावले. "किती गुणाचं आहे हो!" त्या काळ्याकडे वळल्या. "आणि तू?"

काळ्याचा पंखा थोडा वेळ नुसताच फिरला. "मला भूक निघत नाही. अडीच तास. फार तर पावणेतीन. त्यातून काम पडलं की अंगही तापतं."

"अरे, विचारल्याशिवाय कशाला सांगतोस सगळं?" तेजल दबक्या आवाजात म्हणाली.

"विचारलं होतं त्यांनी," तो म्हणाला.

देविदासरावांनी काळ्याचा चार्जर हातात घेऊन खालीवर केला. "हा एकटाच विटेएवढा आहे. पातळ घ्या आणि चला. चार वाजले."

"पप्पा, त्याच्यावर माझं काम होणारच नाही. त्यालाच विचारा."

"दोन मजल्यांपर्यंत काढीन," पातळ लॅपटॉप म्हणाला. "तिसऱ्या मजल्यावर मला घेरी येते. खोटं कशाला बोलू?"

"मग काढ की दोनच मजले," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "आपलं घर दोन मजल्यांचंच आहे. काय कमी पडलं तुला?"

"आई, कॉलेजात हॉस्पिटल काढायला सांगतात. पेशंट काय गच्चीवर झोपवू?"

"पावसाळा सोडून चालेल," देविदासराव म्हणाले. त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही.

तेजलने आईचा हात धरला. तिच्या बोटांना अजून पेन्सिलीचं काळं होतं. "आई, तू रोज गाईला घास दिल्याशिवाय तोंडात काही घेत नाहीस. तो उपास का?"

"उपास कसला? तो नेम."

"त्यात तुला काय जड जातं?"

"भूक लागलेली असते ना गं. कधी गाय उशिरा येते."

"मग ज्याला अठरा तास भूकच लागत नाही, त्याने न खाण्यात नेम कुठला आला?"

कुमुदिनीबाईंपुढे हा मुद्दा नेमाच्या बावीस वर्षांत कुणी काढला नव्हता. पातळ लॅपटॉपलाही तो पटलेला दिसला. त्याने आपला उजेड जरा कमी केला.

तेवढ्यात काळ्याने घसा साफ केल्यासारखा आवाज केला. "काकू, उपास मला जमणार नाही. पण चातुर्मासात ही जेवल्याशिवाय मी चार्जरला तोंड लावणार नाही. एवढं करू शकतो."

कुमुदिनीबाईंच्या मनात हिशेब लख्ख झाला. अठरा तासांचा घेतला असता तर पोरगी अठरा तास उठली नसती. हा अडीच तासांनी उठवणार.

त्यांनी लगेच बारकावे ठरवून घेतले. दिवसातून दोनदा ताट. मधल्या वेळी फळ, भाजलेले शेंगदाणे किंवा लाडू चालेल. बिस्कीट धरलं जाणार नाही. चहा अन्नात मोडत नाही.

"चहा का नाही?" देविदासरावांनी विचारलं.

"ती निव्वळ सबब असते," काळा लॅपटॉप म्हणाला. कुमुदिनीबाईंनी तिथेच त्याला हळदकुंकू लावलं. बडगुजरांनी बिलावर लिहिलं: हमी एक वर्ष, नेम चार महिने.

पंधरा दिवसांनी, दिवेलागणीला, तेजलचा फोन आला. "आई, ह्याला सांग काहीतरी! उद्या हॉस्पिटल द्यायचंय. लाडू खाल्ला मी, तर म्हणतो ताट दाखव."

"दे त्याला."

"काकू, नऊ टक्के राहिलंय," काळ्याचा आवाज अगदी खोल गेला होता. "डोळ्यांपुढे अंधारी येतेय. समोर चार्जर आहे. पण तिने सकाळपासून ताट घेतलेलं नाही."

"धीर धर, बाळा," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

"माझी बाजू कोणी घेणार आहे का?" मागून तेजल ओरडली. मग पावलं वाजली आणि मेसचा डबा उघडल्याचा आवाज झाला. कुमुदिनीबाई कान लावून बसल्या. लेक जेवत होती. शेवटी चार्जर लागल्याचा बारीक आवाज आला आणि त्यांनी फोन ठेवला.

हॉस्पिटल वेळेवर पूर्ण झालं. पाच मजले होते, आणि तळमजल्यावर तेजलने सगळ्यांत मोठी जागा जेवणघराला दिली होती.

कार्तिकात नेमाची मुदत संपली. दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेल्या लॅपटॉपला कुमुदिनीबाईंनी रीतसर विचारलं, "आता सोडतोस ना?" तो म्हणाला, सवय झाली आहे, राहू द्या. दुसऱ्या दिवशी गाईला घास द्यायला तो तेजलच्या काखेतून त्यांच्याबरोबर दारापर्यंत आला. तेव्हा तो पंचेचाळीस टक्के होता, पण गाईच्या आधी चार्जर नको म्हणाला.

तर बायांनो, तेजलच्या पुढ्यात जसं वेळेवर ताट आलं, तसं तुमच्या लांब गेलेल्या लेकरांच्या पुढ्यात येवो. घरात नवी वस्तू आणाल तेव्हा हळदकुंकू लावण्याआधी तिला नेम विचारा. आणि उत्तर यायला थोडा वेळ लागला, आत नुसता पंखा फिरत राहिला, तरी काउंटरसमोरून हलू नका.