बेटावरच्या केळी

"जंगलात कसं जगायचं ते मला शिकवू नकोस!" बोंबलाचं कालवण भातावर ओढत रुडॉल्फने बायकोला जाहीर केलं. सांडोर गावात केळीची वाडी होती त्याची. बाप, आजा, सगळे केळीतच वाढलेले. आणि ही बायको, मर्लिन, कौतुक कुणाचं करायची? त्या क्लिफर्डचं!

क्लिफर्ड पलीकडच्या आळीतला. बँकेत नोकरी, चर्चमध्ये मर्लिनसोबत गाणारा. संध्याकाळची रोजरीची प्रार्थना संपली की दोघं आपापल्या घरी बसून एकच गेम खेळायची. दोघांनी एकाच ओसाड बेटावर अडकायचं, लाकडं तोडायची, झोपडी बांधायची, शिकार करून जगायचं. गेली दोन वर्षं हेच! कानाला हेडफोन लावून मर्लिन खिदळायची, "क्लिफर्ड, काय मस्त मांडव घातलास रे!" इकडे रुडॉल्फने वाडीला खरंखुरं कुंपण घातलं, तेव्हा म्हणाली होती, "वाकडं झालंय." रुडॉल्फचा नुसता जळफळाट व्हायचा.

शनिवारी मर्लिन गाण्याच्या सरावाला गेली, तीही क्लिफर्डच्या स्कूटरवरून! रुडॉल्फने तिचा टॅब उघडला. म्हटलं, आज बेटाची अशी मशागत करतो की बाई त्या क्लिफर्डचं नाव विसरली पाहिजे!

बेट बघून त्याला हसूच आलं. झोपडीभोवती केळींची दाट रांग आणि सगळ्यांचे घड काढलेले! "शी! घड उतरवलेली केळ कुणी उभी ठेवतं का?" घड निघाला की केळ तोडायची आणि बुंध्याशी फुटलेल्या पिल्लाला जागा करायची, हे सांडोरचं शेंबडं पोरही सांगेल. त्याने कुऱ्हाड घेतली. सपासप! एक केळ उभी ठेवली नाही. पिल्लं दिसेनात, पण येतील की, घाई कसली!

आली ती रानडुकरं! आधी एक, मग अख्खा कळप. मांडव पाडला, साठवलेले मासे खाल्ले, झोपडी भुईसपाट! रुडॉल्फ "हाड! हाड!" करत टॅबवर चप्पल उगारून उभा, तोच मर्लिन आणि क्लिफर्ड दारात.

"काय केलंस हे?"

"मशागत."

"अरे, त्या केळी म्हणजे आमचं कुंपण होतं! घड परत येतात तिथे, त्याच झाडाला!"

"त्याच झाडाला? मग ती केळ कसली!" रुडॉल्फने मान खाली घातली. मनात मात्र उकळ्या फुटत होत्या. गेलं बेट, गेला क्लिफर्ड! आता संध्याकाळी मर्लिन आपल्याजवळ ओट्यावर बसणार.

क्लिफर्डने टॅब निरखला. "मर्लिन, सगळंच गेलं गं. एक खांबही नाही."

"म्हणजे परत पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून!"

दोघांनी एकमेकांना टाळी दिली! रुडॉल्फने खाली घातलेली मान वर केली.

"अरे, सगळं बांधून झालं होतं," मर्लिन म्हणाली. "करायला काही उरलंच नव्हतं. कंटाळून उद्यापासून बंद करणार होतो आम्ही. आता दोन वर्षांची तरी सोय झाली! रुडॉल्फ, तुझे किती उपकार मानू?"

लग्नानंतर पहिल्यांदाच त्याचं एवढं कौतुक झालं. मग हेडफोन चढवता चढवता ती म्हणाली, "वाडीचं कुंपण मात्र अजून वाकडंच आहे हं!"