आत्याच्या दंडावरची पट्टी

दक्षिण समुद्रातल्या आमच्या वावाऊच्या बेटांवर हृदयरोग्यांना माझ्यासारखं सांभाळणारा नर्स आजवर झाला नाही. हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही. आता निवृत्त झालोय, त्यामुळे खोटं बोलून काही फायदाही उरलेला नाही. गोळी देण्याआधी नाडी, उठवण्याआधी ब्लडप्रेशर, आणि गोळी दिल्यावर ती खरंच घशाखाली उतरली का, हे बघितल्याशिवाय मी जागचा हलत नसे. गोळी गालात लपवणारे म्हातारे मला नुसतं 'ये, बस' म्हणाले तरी मी ओळखायचो.

पण माझा खरा हातखंडा म्हणजे सूचना. डॉक्टर महिन्यातून एकदा बोटीनं यायचे, दोन वाक्यं बोलायचे आणि लाटा वाढायच्या आत परत जायचे. त्या दोन वाक्यांचा साग्रसंगीत स्वयंपाक करून तो रोग्याला रोज वाढायचा, हे काम माझं.

माझ्या रोग्यांत सगळ्यांत अवघड होती लोसालिने आत्या. वडिलांची थोरली बहीण. घरात तिचा शब्द शेवटचा. तिच्यासमोर आम्ही भाच्यांनी जेवायचं नाही, तिच्या चटईवर टेकायचं नाही, आणि तिला हात लावायचा तर विषयच नाही. आता अशा बाईच्या छातीत कळ येते, आणि तिला रोज औषधाची पट्टी चिकटवायचं काम सरकारनं माझ्याकडे दिलेलं!

मी तोड काढली. आत्या पडद्याच्या पलीकडे, मी अलीकडे, आणि माझ्या वतीनं हात चालवायला माझी बायको आलिसी.

"दंडावर लाव," मी पडद्याला सांगायचो. "कालच्या जागी नको."

"काल उजव्या दंडावर होती."

"मग डाव्या लाव."

"माझ्या डाव्या की त्यांच्या?"

"तुझ्या दंडाला काय झालंय?"

"अजून काही नाही," आलिसी म्हणायची. "पण तुमची नोकरी मीच करत राहिले तर होईल."

मग मी घसा साफ करून सूचना सुरू करायचो. "आत्या, चारी कोपरे नीट दाबलेले असले पाहिजेत. पट्टीनं रक्तवाहिन्या सैल पडतात, ब्लडप्रेशर उतरतं. झटकन उठायचं नाही. गरगरलं की खाली बसायचं. डोकं दुखेल, घाबरायचं नाही. सूर्य मावळला की पट्टी काढायची. आणि जुनी कुठे आहे हे कळल्याशिवाय नवी लावायची नाही. दोन पट्ट्या एकदम अंगावर म्हणजे माणूस आडवा."

"हे तू रोज सांगतोस."

"रोज सांगायचं असतं, आत्या."

"देवानं दहा आज्ञासुद्धा एकदाच सांगितल्या होत्या," आत्या म्हणायची.

त्या वर्षी चक्रीवादळानं चर्चच्या हॉलचं छप्पर उचलून समुद्रात टाकलं. आता छपरासाठी कार्यक्रम ठेवणं आलं, आणि कार्यक्रम म्हटला की आत्याचा नाच आलाच. अंगाला खोबरेल तेल चोपडून ती नाचायला उभी राहिली की लोक पुढे येऊन तिच्या तेलकट दंडांवर, खांद्यांवर नोटा चिकटवायचे, आणि त्यातून छप्पर उभं राहायचं. आजवर वादळानं छप्पर न्यावं आणि आत्यानं नाचून परत आणावं, असा त्या दोघांचा व्यवहार होता.

डॉक्टरांनी आधी नाहीच म्हटलं. आत्या त्यांच्याकडे नुसती बघत बसली. बोट सुटायची वेळ झाली तशी डॉक्टर म्हणाले, "बरं, एक नाच. एकच. अंगावर पट्टी असताना आणि सूर्य मावळायच्या आत. नाहीतर राजधानीच्या हॉस्पिटलात नेऊन ठेवीन."

डॉक्टर गेल्यावर आत्या पडद्याआडून म्हणाली, "लिसिआते, मी न नाचता उभं राहिलेल्या छपराखाली मी प्रार्थनेला बसणार नाही. आणि पुढचं वादळ येईतो मी असेन असं मला वाटत नाही. तेव्हा हा नाच व्हायला हवा."

"होईल, आत्या," मी म्हणालो. "मी आहे ना."

वाटेत एकच अडचण होती. ती म्हणजे आमच्या चर्चचे पाळकसाहेब सामिसोनी. माणूस सोन्यासारखा, पण भाषणाला उभा राहिला की खाली बसत नसे. ते पहिल्या मुद्द्यावर असताना आईच्या मांडीवर असलेली पोरं तिसऱ्या मुद्द्याला रांगत दारापर्यंत पोचलेली असायची. कार्यक्रमाची सुरुवात त्यांच्या भाषणानं होती आणि शेवट आत्याच्या नाचानं. मध्ये सूर्य होता, आणि तो कोणाचंच ऐकत नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉलवर ताडपत्री ताणली होती. सगळं गाव आमच्या रीतीप्रमाणे कमरेला चटया गुंडाळून, नटूनथटून आलेलं. आत्या दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला भेटत होती. पाळकसाहेब आले तसं तिनं त्यांना जवळ ओढलं, गालाला गाल लावला, मानेमागून मायेनं हात फिरवला. मला भरून आलं. एवढं तर तिनं मला बारशालाही जवळ घेतलं नसेल.

पाळकसाहेबांनी घसा साफ केला आणि जगबुडीपासून सुरुवात केली. छपराचा विषय म्हणजे पाऊस, पाऊस म्हणजे नोहा, नोहा म्हणजे तारू. तारवात प्राणी चढू लागले. एकेक जोडी पाळकसाहेब जातीनं चढवत होते.

ते उंटांपाशी आले असतील, तेव्हा आलिसी माझ्या कानाशी आली. "अहो, पट्टी नाहीये."

"कुठे नाहीये?"

"आत्यांच्या अंगावर नाहीये. तेल लावायला घेतलं तर डावा दंड रिकामा. उजवा बघितला, पाठ बघितली. कुठेच नाही."

"आत्याला विचार."

"विचारलं. म्हणाल्या, नर्स तो आहे. मी नवी लावून टाकू?"

"खबरदार," मी म्हणालो. "जुनी सापडल्याशिवाय नवी नाही. पाठीवर, केसांखाली कुठेतरी सरकली असली तर दोन होतील. नाचता नाचता कोसळेल."

"आणि पट्टीशिवाय नाचल्या तर?"

"छातीत कळ येईल."

"मग शोधा," आलिसी म्हणाली, आणि निघून गेली.

मी विचार केला. आत्या सकाळपासून कुठे कुठे गेली होती? जेवणाच्या टेबलाशी जाऊन तिनं भाजलेल्या डुकरांच्या पाठीवर थापा मारून पसंती दिली होती. मी तिकडे गेलो. डुकरं ओळीनं, चकचकीत, तांबूस. आणि पट्टीही तशीच तांबूस. मी वाकून एकेकाच्या पाठीवरून बोटं फिरवू लागलो.

स्वयंपाकाची व्यवस्था वाइओलाकडे होती. ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "लागतेय का नाडी?"

"एक वस्तू हरवलीय."

"ह्यांचं तर सगळंच हरवलंय. त्यांना कसलीच तक्रार नाही. तू तुझे जिवंत रोगी बघ."

बाई बोलली ते खरं होतं. मी नर्स, आणि वस्तू शोधतोय! मी लक्षणं शोधायला हवीत. आत्यानं सकाळपासून शंभर जणांना मिठ्या मारल्या होत्या. त्यातल्या कोणाला पट्टी चिकटली असेल, तर त्याचा चेहरा लाल होईल, डोकं दुखेल, उठताना गरगरेल. असा माणूस हुडकायचा की झालं. मी ब्लडप्रेशरचं यंत्र काखेत मारलं आणि मागच्या रांगेपासून सुरुवात केली.

"डोकं दुखतंय का?" मी पहिल्याला विचारलं.

"बँडच्या ढोलाशेजारी बसलोय. तुला काय वाटतं?"

"गरगरतंय?" मी दुसऱ्याला विचारलं.

"अजून नाही. पण आत्ता कुठे घोडे चढतायत."

चेहरे तर सगळ्यांचेच लाल होते. ताडपत्रीखाली भट्टी झाली होती. मी एकेकाच्या दंडाला पट्टा बांधू लागलो. भाषणातून उठायला निमित्त मिळतंय म्हटल्यावर लोक गुपचूप माझ्यामागे रांग लावू लागले. रांग दाराबाहेर गेली. हासुद्धा कार्यक्रमातला भाग असावा, असं समजून ऑकलंडहून आलेल्या एका बाईनं माझ्या घामट कपाळावर नोट चिकटवली. तिचं बघून तिच्या बहिणीनंही चिकटवली. छपरासाठी मी तेवढा हातभार लावला, याची पुढे कोणी आठवण ठेवली नाही.

ऊन खिडकीतून तिरपं आत आलं. आत्या कोपऱ्यात तेलानं चमकत ताठ बसली होती. नजर खिडकीवर. एवढी वर्षं मी तिला ओळखतो. घाबरलेली तेव्हा पहिल्यांदा बघितली.

तेवढ्यात पाळकसाहेब खाली बसले.

पाळकसाहेबांना बोलताना बसलेलं कोणी कधी बघितलंच नव्हतं. चेहरा टोमॅटोसारखा लाल. त्यांनी कपाळ पुसलं आणि टेबलाला धरून उभे राहिले. पाळकसाहेब असे उभे राहिले म्हणजे प्रार्थना, म्हणून सगळा हॉल उभा राहिला. ते पुन्हा मटकन बसले. हॉल बसला. ते उठले. हॉल उठला. शेजारच्या बेटावरून आलेली गायकमंडळी एकमेकांना विचारू लागली, ही नवी पद्धत कधी निघाली? पण पाहुणे ते, आमच्याबरोबर निमूट उठत-बसत राहिले.

शेवटी पाळकसाहेब बसले ते बसलेच. "अरे देवा," ते क्षीणपणे म्हणाले.

"आमेन," सगळा हॉल एका आवाजात म्हणाला.

आमेन झालं म्हणजे भाषण संपलं. बँडनं तत्काळ ढोल बडवला. हत्ती बाहेरच राहिले.

मी रांग मोडून धावलो. पाळकसाहेबांना चटईवर आडवं केलं, पाय उंच हवेत म्हणून जवळच्या ढोलावर ठेवले. ढोलवाला वाजवायचं थांबेना. कॉलर सैल केली, तर मानेमागे पट्टी! मी ती ओढून काढली, कातडी पुसली, ब्लडप्रेशर बघितलं. खाली होतं, पण चढत होतं.

"मी स्वर्गात आहे का?" पाळकसाहेबांनी विचारलं. त्यांचे पाय तालावर उडत होते.

"चर्चच्या हॉलमध्येच आहात. पडून राहा."

मी आलिसीला हाक मारली. "सापडली. आता नवी लाव."

तिनं आत्याचा दंड फडक्यानं खसखसून पुसला, नवी पट्टी दाबली. मी पाठ वळवून म्हणालो, "आत्या, पट्टीचा गुण यायला वेळ लागतो. जरा थांबावं लागेल."

"ते सूर्याला सांग," आत्या म्हणाली आणि उठली. सावकाश, सांगितलं होतं तशी.

कळ आलीच तर जिभेखाली मारायचा औषधाचा फवारा मुठीत धरून मी उभा राहिलो. आत्या नाचली. आमच्या नाचात पाय फार हलत नाहीत. मनगटं बोलतात, मान एका बाजूला झुकते. तिची मनगटं अशी फिरत होती की पाण्यावरून हात फिरवून ती समुद्राकडे छप्पर परत मागतेय. लोक उठले, नोटा घेऊन पुढे आले. मी तिच्या गळ्याच्या शिरेकडे बघत होतो. बेट बुडालं असतं तरी मी नजर हलवली नसती. सूर्य खिडकीच्या कडेला टेकला तेव्हा तिनं शेवटची मान झुकवली आणि चटईवर येऊन बसली.

आलिसीनं मनगट धरलं.

"कशी आहे?" मी विचारलं.

"तुमच्यापेक्षा बरी."

सगळं शांत झाल्यावर मी पडदा लावून घेतला. "आत्या, तुझी पट्टी पाळकसाहेबांच्या मानेवर कशी गेली?"

"चिकटली असेल मिठी मारताना."

"सरळ चिकटली होती. चारी कोपरे दाबलेले."

"कोपरे नीट दाबायचे, असं तूच सांगतोस," आत्या म्हणाली. "रोज."

वडिलांच्या बहिणीला काय बोलणार?

"डॉक्टरनं सूर्याचं सांगितलं होतं," ती म्हणाली. "मग कोणाला तरी खाली बसवायला नको?"

चार दिवसांनी पाळकसाहेब माझ्या दवाखान्यात आले. आत्याचं नाव सांगणं तर शक्य नव्हतं. मी नाडी बघितली, चेहरा गंभीर केला आणि म्हणालो, "उभं राहून एवढं बोलणं तुम्हाला झेपत नाही, पाळकसाहेब. जपायला हवं." मला वाटलं, ते बोलणं कमी करतील.

त्यांनी सुताराकडून खुर्ची करून घेतली. हात टेकायला दांड्या, पाठीला गादी, पायाखाली पाट. नवं छप्पर झालं, त्याच्या उद्घाटनाला ते त्या खुर्चीत ऐसपैस बसले, पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, "आपल्या नर्सच्या कृपेनं आता मला दमच लागत नाही." मग त्यांनी जगाच्या उत्पत्तीपासून सुरुवात केली.

पहिल्या रांगेतून आत्यानं मागे वळून माझ्याकडे असं बघितलं, की माझी नाडी आलिसीला मोजावी लागली.