क्षमाशील काठीची चाचणी

सुधारलेल्या समाजात क्षमा करण्याचं काम फार काळ माणसांवर सोपवून चालत नाही. माणसं कंटाळतात, मागचं उकरून काढतात. म्हणून हे काम हल्ली अवजारांकडे देण्यात आलं आहे. गोल्फमध्ये त्यासाठी 'हायब्रिड' नावाची काठी निघाली आहे. निम्मे गुण लोखंडी काठीचे, निम्मे लाकडी काठीचे. कंपनी तिला 'क्षमाशील' म्हणते. चेंडू कुठेही लागो, ती मनावर घेत नाही.

तिच्या चाचणीसाठी एक वाईट खेळाडू हवा होता. गोल्फमध्ये वाईटपणाचा अधिकृत आकडा असतो, त्याला हँडिकॅप म्हणतात. आकडा जितका मोठा, तितका माणूस गवताला घातक. एका गोल्फ क्लबच्या कार्यकारिणीने आपल्या सभासद दंतवैद्यांचं नाव एकमताने सुचवलं. (याआधी कार्यकारिणीचं एकमत फक्त बैठक आटोपण्यावर झालं होतं.) त्यांना कळवताना 'वाईट' हा शब्द गाळून 'अनुभवी' घालण्यात आला. दंतवैद्यांनी नवी टोपी घेतली.

त्यांचे साडूही त्याच क्लबात खेळत, आणि त्यांच्यापेक्षा किंचितच कमी वाईट खेळत. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. त्यामुळे हा किंचितपणा दर रविवारी जेवणाच्या टेबलावर वाढला जाई. "भाऊजींचा चेंडू निदान सापडतो तरी," दंतवैद्यांची बायको म्हणे.

चाचणीला कंपनीची एक तरुण अभियंता कॅमेरा घेऊन आली. साडू कुंपणाला रेलून उभे राहिले. (निमंत्रण नव्हतं. नातं होतं.) दंतवैद्यांनी पाय रोवले, श्वास घेतला आणि काठी थेट जमिनीत हाणली. मातीचं ढेकूळ उडालं. चेंडू मात्र सरळ निघाला आणि लांबवर हिरवळीच्या मधोमध पडला.

"सुंदर!" अभियंता म्हणाली.

दंतवैद्यांनी टोपीला हात लावला.

"काठी हो," ती म्हणाली.

दुसरा फटका काठीच्या टोकाला लागला. चेंडू पुन्हा सरळ. "किती सांभाळून घेते बघा!" अभियंता हरखली. "डॉक्टर, काठी झकास खेळली!" कुंपणावरून साडू ओरडले.

असा सरळ चेंडू दंतवैद्यांनी वर्षानुवर्षं मनात पाहिला होता. आता तो डोळ्यांसमोर पडला होता आणि त्यात ते स्वतः कुठेच नव्हते. आजवर चेंडू तळ्यात गेला, तेव्हा "काठीने घालवला" असं कुणी चुकूनही म्हटलं नव्हतं.

मग त्यांनी मुद्दाम वाईट खेळायचं ठरवलं. या खेळात ठरवून केलेलं त्यांचं हे पहिलंच काम. डोळे मिटून मारला, सरळ. एका हाताने मारला, सरळ. शेवटी साडूंकडे रागाने बघत, चेंडूकडे ढुंकूनही न पाहता त्यांनी हाणला. चेंडू झेंड्याखालच्या खळग्याच्या काठाशी जाऊन अदबीने थांबला.

"आता तरी म्हणा, मी मारला!" त्यांचा आवाज चिरकला.

"डॉक्टर, तुम्ही मारलात म्हणून तर कौतुक," अभियंता मनापासून म्हणाली. "चांगल्या खेळाडूने मारला असता, तर काठीला कोण विचारतं?"

अहवालात लिहिलं गेलं: 'खेळाडूचा परिणामावर कोणताही प्रभाव आढळला नाही.' कंपनीने हे वाक्य दंतवैद्यांच्या फोटोसकट जाहिरातीत छापलं. फोटो चांगला आला होता.

जाहिरात पाहून सगळ्या क्लबाने ती काठी घेतली. साडूंनी सगळ्यांत आधी. सगळ्यांचेच चेंडू सरळ जाऊ लागले, सगळ्यांचेच आकडे उतरले, आणि क्रम जिथल्या तिथे राहिला. दंतवैद्य शेवटचे होते, ते आता सुधारित शेवटचे झाले.

"माझा हँडिकॅप निम्म्यावर आला," रविवारी त्यांनी घरी जाहीर केलं.

"अगबाई!" बायको खरोखरच खूश झाली. मग म्हणाली, "आणि भाऊजींचा?"

दंतवैद्यांनी पाणी मागितलं.

कंपनीला पुढच्या चाचणीसाठी माणसं हवी आहेत. गोल्फ यायलाच हवं, असं नाही. दंतवैद्यांना हसताना, 'आपलं मात्र आयुष्यात जे जे सरळ गेलं, ते आपणच मारलेलं' अशी ज्यांची खात्री होती, त्यांनी अर्ज करायचीही गरज नाही. त्यांची निवड झालेली आहे. एकमताने.