रामटेके सरांचं विलीनीकरण

लग्नाच्या मांडवात अहेराचं पाकीट देताना रामटेके सर नवरदेवाच्या कानात सांगायचे, "नुसती मालमत्ता घेऊन चालत नाही बाबू, देणीही घ्या लागते. विलीनीकरणाचा कायदाच तसा आहे." नवरदेव बावचळायचा. आसगावच्या एका लग्नात तर मुलीचा मामा ही हुंड्याची बोली समजून भांडायला उठला होता.

करडीजवळच्या आमच्या राइस मिल कंपनीत ते हिशेबनीस होते. मी त्यांच्या हाताखाली कॉम्प्युटरवर बसायचे. मिल नागपूरच्या एका मोठ्या कंपनीत विलीन होणार हे कळल्यापासून त्यांना दुसरा विषयच नव्हता. भाजीवालीला दोन रुपये जास्त गेले तरी म्हणायचे, "वांग्याच्या किमतीवर जे गेलं ते गुडविल." बायको वारल्यापासून स्वतःच रांधून खात, त्यामुळे वांगी रोजचीच होती.

एक दिवस नागपूरच्या कंपनीचे वकील विलीनीकरणाच्या योजनेचा मसुदा घेऊन आले. परिशिष्टात नावं असलेल्या कामगारांची नोकरी नव्या कंपनीत सलग धरली जाणार होती. नावं बावीस. तांदूळ निवडणाऱ्या अकरा बायांपैकी एकीचंही नाही. कागदावर त्या ठेकेदाराच्या होत्या. तो ठेकेदार मिलमध्ये कोणी कधी पाहिला नव्हता.

सरांनी हजेरीची रजिस्टरं वकिलांच्या टेबलावर ठेवली.

"हजेरी कंपनी घेते, मजुरी कंपनी देते. मंग ह्या बाया ठेकेदाराच्या काहून?"

"सर, आता आकडे ठरलेत," वकील म्हणाले.

"आकड्याचंच बोलून राहिलो. मालमत्तेतून देणी वजा जाऊन जे उरते, त्याच्याहून तुम्ही जास्त देऊन राहिले. त्या जास्तीले तुम्ही गुडविल लिवलं. आमच्या तांदळात खडा भेटत नाही, म्हणून ते गुडविल. तो खडा कोण काढते?"

वकील रजिस्टर चाळत राहिले.

"नाही जमलं तं हे सारं मंजुरी देणाऱ्या ट्रिब्युनलपुढं ठेवतो," सर शांतपणे म्हणाले.

तीन आठवड्यांनी सुधारित परिशिष्ट आलं. तेहतीस नावं. ती टाइप करताना मी विचारलं, "सर, तुमचं नाव?"

"मी दोन वर्षांआधीच रिटायर झालो. आता मानधनावर आहो. त्याले सलग नोकरी म्हणत नाही."

"एक ओळ वाढवली तर?"

"एक ओळ खोटी निघाली का बाकीच्या तेहतीसवर शंका येते."

ट्रिब्युनलचा मंजुरीचा आदेश आला. जुनी कंपनी विसर्जित झाली. नव्या कंपनीच्या पहिल्या दिवशी फाटकावर नवा पहारेकरी यादी घेऊन उभा होता. सरांचं नाव यादीत नव्हतं. मी बाहेर गेले, तर ते सायकल स्टँडजवळच्या ओट्यावर बसलेले.

"सर, घरी जा ना. ऊन लागते."

"घरी कोण आहे? दहा वाजले का पाय इकडंच वळते."



जेवणाच्या सुटीत गळ्यात नवी कार्डं घालून बाया बाहेर आल्या. त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या यमुनाबाई सरांशेजारी बसल्या आणि डब्याच्या झाकणात भात, लाखोरीच्या डाळीचं वरण वाढून त्यांच्यापुढं ठेवलं. सर जेवले. उठताना त्यांनी चष्मा पुसून यमुनाबाईंच्या कार्डावरचं नाव वाचलं.

"बरोबर लिवलं," म्हणाले आणि सायकल घेऊन निघाले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. नंतरही कधी आले नाहीत. यमुनाबाई मात्र कितीतरी दिवस झाकणभर भात जास्त आणत होत्या.