सारसाची ना हरकत

माणसानं कसं वागावं हे प्राण्यांना विचारल्याशिवाय ठरवू नये, यावर आता सगळ्या समंजस लोकांचं एकमत झालेलं आहे. पूर्वी ही चौकशी घरातल्या वडीलधाऱ्यांकडे करावी लागे. ते उलट प्रश्न विचारत आणि चहा मागत. प्राण्यांचं तसं नाही. शिस्तीबद्दल मुंगीला विचारा, नेतृत्वाबद्दल लांडग्याला विचारा, मातृत्वाबद्दल हत्तिणीला विचारा. त्यांचं म्हणणं दोन मिनिटांत वाचून होतं, सोबत फोटो असतो आणि खाली आपलं मत नोंदवायला जागाही असते. (मुंगीला मत नोंदवायला जागा नसते. तिनं आजवर लेखी तक्रार केलेली नाही.)

रायपुरात ही लोकोपयोगी सेवा देवयानी बोंद्रे चालवत असे. दिवसा ती नवा रायपूरच्या एका कार्यालयात योजनांची माहितीपत्रकं लिहायची आणि संध्याकाळी शंकर नगरच्या फ्लॅटवर परतली की ‘चोच आणि शेपूट’ या आपल्या ब्लॉगवर प्राण्यांची. दोन्ही कामांत फारसा फरक नव्हता. दोन्हीकडे लाभार्थ्यांनी माहितीपत्रकाप्रमाणे वागावं अशी अपेक्षा असे, आणि दोन्हीकडे ते वागत नसत. लेख मराठीत, खाली हिंदी भाषांतर. कारण इथला मराठी माणूस रडतो मराठीत, पण फॉरवर्ड हिंदीत करतो.

देवयानीनं प्राणिशास्त्रात एमएस्सी केलेलं असल्यामुळे सुरुवातीला ती खरं लिहायची. तिचा पहिला लेख जळवांच्या पचनसंस्थेवर होता. तो एकोणीस जणांनी वाचला आणि त्यातले अकरा चुकून आलेले होते. मग अनुभवानं तिनं या क्षेत्राचे नियम शिकून घेतले. प्राण्यानं माणसाला काहीतरी शिकवलंच पाहिजे. न शिकवणाऱ्या प्राण्यावर लेख होत नाही. शास्त्रज्ञांनी आठवड्यातून एकदा तरी चकित झालं पाहिजे. (कोणते शास्त्रज्ञ, हे विचारणं असभ्यपणाचं समजतात.) आईपण चालतं, मैत्री चालते, निष्ठा तर धावते, पिल्लं मारणाऱ्या बोक्याचा उल्लेख मात्र टाळावा. आणि ‘बहुधा’, ‘काही वेळा’, ‘असं दिसतं’ हे शब्द काढून टाकावेत, कारण शंभरातले एकोणसत्तर वाचक ‘बहुधा’पाशी लेख सोडतात आणि उरलेले एकतीस तो शब्द न वाचता पुढे जातात.

या नियमांचं सर्वात सुंदर फळ म्हणजे सारसावरचा लेख. आईच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी देवयानीनं तो लिहिला. सारस आयुष्यात एकदाच जोडी जमवतो, जोडीदार गेला की अन्नपाणी सोडतो आणि झुरत झुरत प्राण सोडतो, असं त्यात होतं. शेवटचं वाक्य होतं, ‘माझे बाबा असेच सारस आहेत.’ खाली शामरावांचा फोटो. रेल्वेच्या मालगोदामातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले शामराव गुढियारीच्या घराच्या खिडकीतून दूर कुठेतरी शून्यात बघत आहेत, असा. (ते गॅसची गाडी आली का ते बघत होते.)

मूळ मसुद्यात आणखी एक वाक्य होतं: एकटा पडलेला सारस पुढे दुसरी जोडी जमवतो, असं निरीक्षकांनी पाहिलेलं आहे. देवयानीनं ते लेख लांबतो म्हणून काढलं. निदान स्वतःला तिनं असंच सांगितलं. खरं म्हणजे आईच्या फोटोला घातलेला हार अजून ताजा होता आणि त्याच्याखाली ते वाक्य तिला बघवेना.

लेख इतका पसरला की तो देवयानीला स्वतःलाच चार वेळा फॉरवर्ड होऊन आला, त्यांतल्या एका वेळी तर ‘अवश्य पढ़ें’ असा शेरा मारून. पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, गणेश मंडळानं शामरावांना शाल आणि नारळ दिला. अनोळखी पोरं रस्त्यात पाया पडू लागली. एका सरकारी खात्यानं ‘निष्ठा सप्ताहा’त देवयानीचं व्याख्यान ठरवलं. सारसवाले अंकल म्हणून शामरावांची ओळख पक्की झाली आणि त्यातूनच पुढची अडचण उभी राहिली, कारण अन्नपाणी सोडलेल्या पक्ष्यानं चौकात उभं राहून समोसा खावा, हे पाऱ्याला रुचेना. लोक काही बोलत नसत. नुसते दुःखी नजरेनं समोशाकडे बघत.

तेव्हा शामराव समोसा खायला बीरगावला जाऊ लागले. तिथं त्यांना कोणी ओळखत नव्हतं. तिथल्याच टपरीवर त्यांना पद्मिनीबाई भेटल्या. कामगारांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. पहिल्या भेटीत त्या एवढंच म्हणाल्या, “दुसरा खाऊन राह्यले तं खा, पण साखर तपासून घ्या.” एकाच वाक्यात परवानगी आणि काळजी दोन्ही मिळण्याची शामरावांची सवय मोडून वर्ष झालं होतं. तात्पर्य, सारस झाले नसते तर शामराव बीरगावला गेले नसते आणि बीरगावला गेले नसते तर लग्नाचा विषय निघालाच नसता. लोकविज्ञानाचे परिणाम असे दूरगामी असतात.

विषय निघाला तेव्हा गुढियारीच्या घरी रीतसर बैठक झाली. बैठकीला चार माणसं आणि सहा प्रजाती उपस्थित होत्या. माणसांत शामराव, देवयानी, त्याच घरात राहणारा तिचा धाकटा भाऊ नीलेश आणि अध्यक्षस्थानी शामरावांची थोरली बहीण मंदाकिनी आत्या.

“शाम, तू सारस हायेस,” आत्यानं कामकाजाला सुरुवात केली. “फोनवर लिवलं हाये तसं. तुले आता दुसरं लगन करता येत नाई.”

“मी रेल्वेत होतो, अक्का. सारस मले ह्या पोट्टीनं केलं.”

“बाबा, पेंग्विन भी एक ही बार करता है,” नीलेश म्हणाला. त्याला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीत यायचं. “और भेड़िया भी. सब जगह लिखा है.”

पाठोपाठ राजहंसाची साक्ष झाली. गिधाडही एकनिष्ठ असतं असं फोनमध्ये सापडलं, पण अध्यक्षांच्या विनंतीवरून त्याचं नाव कामकाजातून वगळण्यात आलं. शामरावांनी आपल्या बाजूनं कोंबडा मांडून बघितला. तो पाळीव असल्यामुळे त्याची साक्ष ग्राह्य धरली गेली नाही. “माणूस होऊन पाखराच्या खाली जाशील काय गा?” असं विचारून आत्यानं बैठक संपवली. आईची आठवण कोणी काढली नाही. पद्मिनीबाईंचं तर नावही कोणी विचारलं नाही, कारण त्या कोणत्या प्रजातीत मोडतात हे ठरलेलं नव्हतं.

 निघताना देवयानी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली, तर शामराव मागोमाग आले.

“खरं सांग, त्या पाखराचं खरंच तसं असते काय?”

“नाही बाबा. दुसरी जोडी जमवतात.”

“मंग काहून असं लिवलं व? उगाच उपाशी मारलं तू त्याले.” ते स्टुलावर बसले. “तुया मायले मी विसरलो नाई. तिच्या गोळ्यांच्या वेळा मले अजून पाठ हायेत. पण रोज संध्याकाळी एकट्यानं दाळभात गिळल्या जात नाई, पोरी.”

देवयानीला राग आला. तो आईच्या वतीनं आला आहे, असं तिनं शंकर नगरपर्यंत मानलं. घराचं कुलूप उघडेपर्यंत तिच्या लक्षात आलं की आईनं काही तिला वकीलपत्र दिलेलं नव्हतं. बाबा खिडकीतल्या फोटोसारखेच राहावेत, एवढी तिचीच इच्छा होती आणि ती इच्छा तिनं एका पक्ष्याच्या तोंडी घातली होती. तिला मनापासून लाज वाटली.

तिनं ‘सारसाविषयी एक दुरुस्ती’ या मथळ्याचा लेख लिहिला. त्यात सगळं खरं होतं, ‘बहुधा’ तीन ठिकाणी होतं आणि शास्त्रज्ञ कुठेही चकित झालेले नव्हते. तेवीस जणांनी वाचला. त्यातल्या एकानं सारसाची बदनामी थांबवा असा इशारा दिला. एकाचं म्हणणं पडलं की ते परदेशातले सारस असतील, आपल्याकडच्या सारसांवर तसे संस्कार नाहीत. एका भगिनीनं लेखिकेवर कोणाचा तरी दबाव असल्याचं ओळखलं. (हे मात्र खरं होतं. दबाव शामरावांचा होता.) सरकारी खात्यानं व्याख्यान पुढे ढकललं आणि निष्ठा सप्ताहात एका पेंग्विनतज्ज्ञाला बोलावलं. तो भिलाईचा होता. आत्यानं दुरुस्ती वाचलीच नाही, कारण ती तिला कोणीच पाठवली नाही.

तेव्हा देवयानीनं नियमांना शरण जायचं ठरवलं. त्या दुरुस्तीतलीच माहिती घेऊन तिनं ‘बहुधा’ तेवढे वेचून काढले आणि मथळा दिला: ‘जोडीदार गेला... आणि एक दिवस सारस पुन्हा नाचला! शास्त्रज्ञही चकित.’ नाचणाऱ्या जोडीचा फोटो लावला, पंख पसरलेले, माना आभाळाकडे. त्यातला एकही पक्षी विधुर असल्याचा पुरावा तिच्याकडे नव्हता, पण नसल्याचाही नव्हता.

या लेखानं पहिल्याला मागे टाकलं. ज्यांनी झुरून मरणाऱ्या सारसासाठी डोळे पुसले होते, त्यांनी त्याच रुमालानं पुन्हा नाचणाऱ्या सारसासाठी पुसले. मंडळातल्या पोरांनी शामरावांना गाठून ‘अंकल, अब आप भी’ असं सांगितलं. आत्याचा रडत रडत फोन आला. “माय वो, ते मुकं पाखरू, त्याले समजते अन् आपल्याले समजू नाई?” नीलेशनं तर आयुष्यात पहिल्यांदाच बहिणीचा लेख शेवटपर्यंत वाचला आणि सारसाची जोडी आपला स्वतंत्र इलाका राखते, हे वाक्य त्याच्या नजरेत भरलं.

“मतलब बाबा बीरगाव शिफ्ट होंगे ना, दीदी?” त्यानं विचारलं. “नेचर में तो ऐसा ही है. ये घर फिर हम लोग देख लेंगे.”

पुढच्या रविवारी दुसरी बैठक झाली. या वेळी पद्मिनीबाईंनाही बोलावलं होतं. त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या आणि शामराव त्यांच्या शेजारी. आत्यानं घसा साफ केला. सारसाचा नवा दाखला विचारात घेऊन, कुटुंबाची या विवाहाला काहीही हरकत नाही, असा तिच्या बोलण्याचा मथितार्थ होता. नीलेशनं इलाक्याचं कलम जोडलं. देवयानीला आईची फार आठवण आली आणि तरीही बरं वाटलं. आपल्या लेखणीनं एक गोष्ट मोडली होती, ती तिनंच सांधली, असं तिच्या मनात आलं.

“आमचं लगन मंगळवारीच झालं, अक्का,” शामराव म्हणाले.

पहिल्या बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी दोघांनी विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस दिली होती. ती कचेरीच्या फलकावर महिनाभर लागलेली होती. नावं, वयं, पत्ते आणि कोणाचा आक्षेप असल्यास कळवावा अशी स्पष्ट विनंती. त्या महिन्यात गुढियारीतली निम्मी माणसं कोणत्या ना कोणत्या दाखल्यासाठी त्या फलकासमोर रांगेत उभी राहून गेली. नोटीस कोणीही वाचली नाही. तिच्यात एकही प्राणी नव्हता.

“बाबा, मला तरी सांगायचं होतं,” देवयानी म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

“तुले सांगितलं असतं तं तू लिवलं असतं.”

 पद्मिनीबाईंनी देवयानीचा हात धरला. “आमाले त्या पाखराचं काई ठाऊक नव्हतं, बाई. यायले संध्याकाळी बोलाले कोणी पायजे होतं, मलेबी. एवढंच होतं.” आत्या अध्यक्षस्थानावरून उठून चहा टाकायला गेली. नवं जोडपं गुढियारीतच राहतं आहे, आणि म्हातारा बाप घर सोडून जातो अशी एखादी एकनिष्ठ प्रजाती नीलेश अजून शोधतो आहे.

शामरावांचा संसार सुखाचा चालला आहे, हे ऐकून वाचकांना समाधान वाटेल. ते तर मघाशीच वाटलं होतं. एकटा पडलेला सारस दुसरी जोडी जमवतो हे वाक्य वर आलं, तेव्हाच अनेकांनी मनात म्हटलं, चला, म्हणजे म्हाताऱ्याचं काही चुकत नाही. त्या वेळी शामरावांनी अजून तोंडही उघडलेलं नव्हतं, पण पक्ष्याचा जबाब झालेला होता. असो. सारसाचं खरं काय ते तपासायला काही चोखंदळ वाचकांनी एव्हाना फोन हातात घेतलाच असेल. त्यांनी जरूर तपासावं. फक्त एवढं आधी ठरवून ठेवावं, की उत्तर उलटं निघालं, तर शामरावांच्या ताटासमोरून पद्मिनीबाईंना उठवायला कोण जाणार आहे.